अंक केंद्रे

अंक केंद्र म्हणजे शॉर्टवेव्हवरून ठरावीक वेळी केवळ आकड्यांचे गट प्रसारित करणारे रेडिओ केंद्र. अशा प्रसारणात बातम्या नसतात, निवेदकाचे किंवा केंद्राचे खरे नाव नसते, आणि परवान्यांच्या कोणत्याही यादीत त्याची नोंद सापडत नाही. परदेशात काम करणाऱ्या हेरांना आदेश पोहोचवणे हा त्यांचा उद्देश आहे. शीतयुद्धाच्या काळात ती सर्वाधिक होती, काही आजही चालू आहेत. बहुतेक सरकारे त्यांबद्दल मौन बाळगतात, तरीही त्यांच्या कामाविषयी आज बरेच ठामपणे सांगता येते. या माहितीचा मोठा भाग न्यायालयांतील खटल्यांतून बाहेर आला आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘लिंकनशर पोचर’ या केंद्राचे. त्याच नावाच्या इंग्लिश लोकगीताच्या सुरुवातीच्या सुरावटीवरून श्रोत्यांनी त्याला हे नाव दिले. सुरावट झाली की एक यांत्रिक स्त्री-आवाज पाच आकड्यांचा क्रमांक पुन्हा पुन्हा म्हणे, आणि मग पाच-पाच आकड्यांचे २०० गट वाचले जात. प्रत्येक गटाचा शेवटचा आकडा किंचित चढ्या स्वरात येई. गटांची संख्या नेहमी २०० असण्यामागे विचार होता. संदेश दोन ओळींचा असो वा दोन पानांचा, बाहेरून प्रसारण सारखेच दिसले पाहिजे. हौशी श्रोत्यांनी दिशाशोधन करून हे केंद्र सायप्रसमधील अक्रोटिरी या ब्रिटिश हवाई तळावर असल्याचा निष्कर्ष काढला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून २००८पर्यंत ते ऐकू येत होते.

शॉर्टवेव्हची निवड तांत्रिक कारणांनी झाली. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणातील आयनांबर या उंचावरील विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात, त्यामुळे एक प्रक्षेपक खंडभर पुरतो. पण हेराच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. ऐकणारा मागे काहीच खूण ठेवत नाही. पत्राला पत्ता लागतो, दूरध्वनीची नोंद राहते, इंटरनेटवरील प्रत्येक भेट कुठेतरी साठते. साधा रेडिओ संच मात्र कोणाच्याही घरी असू शकतो. प्रक्षेपक कुठे आहे हे शत्रूला कळले तरी चालते. संदेश कोण घेतो आहे एवढेच त्याला कळता कामा नये, आणि नेमके तेच रेडिओ झाकून ठेवतो.

संदेशाचे रक्षण ‘वन-टाइम पॅड’ करते. हेराकडे आणि मुख्यालयाकडे यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या, आकड्यांच्या सारख्याच दोन वह्या असतात. समजा मूळ मजकुराचे आकडे ४१७०८ आहेत आणि वहीतील आकडे ८५२६७. हातचा न धरता प्रत्येक जोडीची बेरीज केली की २६९६५ मिळतात, आणि हेच आकडे हवेत जातात. हेर वहीतील आकडे उसना न घेता तसेच वजा करतो आणि ४१७०८ परत मिळवतो. वापरलेले पान लगेच जाळून टाकायचे. पॅड खरोखर यादृच्छिक असेल, गुप्त राहिले असेल आणि कधीच दुसऱ्यांदा वापरले नसेल, तर ही पद्धत फोडताच येत नाही, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी गणिताने सिद्ध केले. त्यांचा शोधनिबंध १९४९मध्ये प्रसिद्ध झाला. २६९६५ पाहून कोणताही अर्थ लावता येतो, आणि प्रत्येक अर्थ तितकाच शक्य असतो. इथे संगणकाचा वेग उपयोगी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत यंत्रणेने पॅडची काही पाने दोनदा छापली, त्याचा फायदा घेऊन अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पाने हजारो तारा अंशतः वाचल्या. अभेद्य पद्धत माणसाच्या घाईने उघडी पडली.

अशा चुकांचा इतिहास हा या विषयाचा खरा गाभा आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्तवार्ता संस्थेने १९५०च्या दशकात पश्चिमेतील हेरांना पाठवलेले आकड्यांचे संदेश पॅडने नव्हे, तर कमकुवत पद्धतीने सांकेतिक केले होते. पश्चिम जर्मनीने ते उलगडून जपून ठेवले. त्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मुलाच्या जन्माबद्दल अभिनंदन होते. पुढे त्या तारखा पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) विली ब्रांट यांचे सहायक ग्युंटर गियोम यांच्या कुटुंबाशी जुळल्या. एप्रिल १९७४मध्ये गियोम यांना अटक झाली आणि मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला. आपल्या माणसाविषयीच्या आपुलकीने एवढी किंमत वसूल केल्याचे उदाहरण हेरगिरीच्या इतिहासात विरळाच.

१९८८मध्ये लंडनमध्ये एका चेकोस्लोव्हाक हेराला त्याच्या घरी संदेश घेत असतानाच पकडण्यात आले. क्यूबाचे केंद्र ‘अतेन्सिओन’ या स्पॅनिश शब्दाने सुरू होई. मायामीत १९९८मध्ये पकडलेल्या क्यूबन हेरांच्या खटल्यात याच केंद्राचे उलगडलेले संदेश पुरावा म्हणून आले. उलगडण्याचा प्रोग्रॅम एफबीआयने गुप्त झडतीत मिळवला होता. अमेरिकी संरक्षण गुप्तवार्ता संस्थेतील विश्लेषक आना बेलेन मोंतेस याही क्यूबाचे आदेश शॉर्टवेव्हवरून घेत. त्यांना २००१मध्ये अटक झाली.  या प्रकरणांत पुरावा मिळाला तो मुख्यतः घरातल्या वस्तूंवरून.

श्रोत्यांचे कामही नोंद घेण्याजोगे आहे. १९९३मध्ये स्थापन झालेल्या ‘एनिग्मा’ या हौशी गटाने केंद्रांना सांकेतिक क्रमांक दिले: इंग्रजीसाठी ई, जर्मनसाठी जी, स्लाव्ह भाषांसाठी एस, मोर्ससाठी एम. लिंकनशर पोचर त्यांच्या यादीत ई०३ आहे. लहान मुलीचा वाटणारा जर्मन आवाज असलेल्या ‘स्वीडिश ऱ्हॅप्सडी’ केंद्राने अनेकांना अस्वस्थ केले. तो आवाज आकडे बोलणाऱ्या यंत्राचा होता आणि केंद्र पोलंडच्या गुप्तवार्ता संस्थेचे होते. गूढकथांनी या क्षेत्राचे नुकसानच केले आहे. ४६२५ किलोहर्ट्झवर सतत गुणगुणणारे रशियाचे ‘बझर’ केंद्र लोक याच प्रकारात टाकतात, पण ते रशियन लष्कराच्या अंतर्गत संपर्कजाळ्याचा भाग मानले जाते.

शीतयुद्धानंतर केंद्रांची संख्या घटली, पण पद्धत मागे पडली नाही. जर्मनीतील मारबुर्ग येथे ऑक्टोबर २०११मध्ये पकडलेले एक जोडपे रशियासाठी काम करत होते आणि शॉर्टवेव्हवरून संदेश घेत होते. उत्तर कोरियाने २०००मध्ये थांबवलेले अंकवाचन २०१६मध्ये पुन्हा सुरू केले. त्यात दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना उजळणीचे धडे देत असल्याचा बहाणा होता. क्यूबाच्या नव्या प्रसारणात बोललेल्या आकड्यांमागोमाग डिजिटल माहितीचा खरखराट येतो, आणि तो साध्या रेडिओला जोडलेल्या संगणकावर वाचता येतो.