फ्री ट्रायल व ऑटो-रिन्यूअल : ग्राहकसंरक्षण

फ्री ट्रायल व ऑटो-रिन्यूअल : सुरुवातीचे काही दिवस सेवा फुकट किंवा एक-दोन रुपयांत द्यायची, मुदतीआधी ग्राहकाने नकार कळवला नाही तर वर्गणी आपोआप कापायची आणि पुढे दर महिन्याला कापत राहायची, अशी विक्रीपद्धत. ओटीटी, संगीत, डेटिंग, ज्योतिष, व्यायाम, भाषा शिकवणारी ॲप, फोटो साठवण्याची जागा अशा सेवांत ती सर्रास आढळते. या पद्धतीतील ग्राहकाचे हक्क भारतात दोन वेगळ्या वाटांनी आले आहेत : एक बँकेच्या बाजूने, दुसरी ग्राहककायद्याच्या. त्यांतली पहिलीच आजवर जास्त उपयोगी पडली आहे.

गप्प बसणे म्हणजे होकार, हा या व्यवहाराचा पाया. घरी येणारा पेपर आणि दूधही याच तत्त्वावर चालतात. पण तिथे महिन्याचे बिल हातात पडते, खाडे वजा होतात आणि ‘उद्यापासून बंद’ म्हटले की विषय संपतो. इथे पैसे आधी जातात आणि बंद करायला कोणाला सांगायचे, हेच शोधावे लागते. अमेरिकेत टपालाने पुस्तके पाठवणाऱ्या क्लबांनी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरली. नकाराचे पत्र वेळेत पोचले नाही की पुस्तक आणि बिल दारात! तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) १९७३ मध्ये त्यासाठी नियम केला. भारतात सामान्य माणसाला याची चव लागली ती मोबाइलच्या कॉलर ट्यूनमुळे. चुकून एखादे बटण दाबले गेले की प्रीपेडची शिल्लक महिन्यागणिक झिजू लागे. अखेर ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे सक्तीचे केले. त्या बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांकही आहे.

कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप कपात करण्यासाठी ग्राहकाने आधीच दिलेल्या परवानगीला ‘ई-मँडेट’ किंवा नुसते ‘मँडेट’ म्हणतात. त्याची चौकट रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आखली, पुढच्या जानेवारीत ती यूपीआयला लागू केली आणि मुदतवाढी देत देत १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे अमलात आणली. त्या महिन्यात परदेशी सेवांच्या कित्येक वर्गण्या अचानक थकल्या, कारण त्या कंपन्यांची यंत्रणा नव्या नियमांत बसत नव्हती. गैरसोय पुष्कळांची झाली. पण आपण कशाकशाचे पैसे भरत होतो, हेही बऱ्याच जणांना तेव्हाच कळले.

या चौकटीनुसार मँडेट नोंदवताना ओटीपी किंवा पिन लागतो. प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज किंवा ईमेल पाठवायचा असतो. त्यात कोण, किती, कधी आणि कशासाठी कापणार हे असते; ती एक कपात किंवा सगळे मँडेटच नाकारण्याची सोयही द्यावी लागते. या सुविधेसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. दर वेळी ओटीपी न मागता कापता येणारी रक्कम आधी २,००० रुपये होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखावर नेली.

मर्यादा वाढवताना हप्ते भरणाऱ्यांची सोय झाली, हे खरे. ट्रायलच्या सापळ्याला मात्र तिचा अडसर कधीच नव्हता, कारण तिथली रक्कम असते १९९ किंवा ४९९. जाहिरातीत ‘फक्त १ रुपया’ असे ठळक अक्षरांत असते. पिन टाकण्याच्या पडद्यावर मात्र कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि मँडेट कोणत्या तारखेपर्यंत चालणार, असे तीन तपशील असतात. खरा करार या तीन ओळींत असतो आणि बोट तोवर पिनकडे गेलेले असते. ॲप फोनमधून काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही. ते यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन, कार्डाचे असल्यास बँकेच्या ई-मँडेट पानावर, आणि वर्गणी ॲप स्टोअरमार्फत घेतली असल्यास तिथल्या खात्यातून बंद करावे लागते.

दुसरी वाट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची. त्याखालील ई-कॉमर्स नियमांनी (२०२०) आधीच टिक केलेल्या चौकटीतून संमती घेण्यास मनाई केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्या, निषिद्ध ठरवले. त्यांतल्या ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये वर्गणी रद्द करणे अशक्य वा किचकट करणे आणि रद्द करण्याचा पर्याय लपवणे तर येतेच, शिवाय मोफत वर्गणीसाठी पैसे भरण्याचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने मागणेही येते. शब्दशः घेतले तर बाजारातल्या बहुतेक फ्री ट्रायल यात सापडतील. ट्रायलचे सशुल्क वर्गणीत रूपांतर झाल्याचे न कळवणे, हा प्रकारही याच यादीत वेगळा नोंदवला आहे. प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितले. चोराला घराची झडती घ्यायला सांगावे, तसा हा प्रकार वाटतो.

जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर विकल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी रद्द करण्याचे स्पष्ट बटण सक्तीचे आहे. ते नसेल तर ग्राहक कधीही, नोटिशीशिवाय करार मोडू शकतो. अमेरिकेत असाच नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, पण प्रक्रियेतील त्रुटीवर बोट ठेवून न्यायालयाने तो जुलै २०२५ मध्ये, लागू होण्याच्या तोंडावर, रद्दबातल केला. ऑनलाइन खरेदीदारांच्या संरक्षणाचा जुना २०१० चा कायदा मात्र तिथे कामाला आला. ॲमेझॉन प्राइममधून बाहेर पडण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीत ‘इलियड’ (होमरचे प्रदीर्घ ग्रीक महाकाव्य) म्हणत, असे फेडरल ट्रेड कमिशनच्या दाव्यात नमूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यांतले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

भारतात पैसे कापले गेल्यावर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २४ तासांची पूर्वसूचनाच आली नसेल, तर तक्रार बँकेकडे करायची आणि ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले तरी कुडाळच्या माणसाला सिंधुदुर्गातच तक्रार नोंदवता येते.