२,१४,७४,८३,६४७

दोनचा एकतिसावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की मिळणारी दहा अंकी मूळ संख्या, म्हणजे २^३१ − १. दोनच्या घातापेक्षा एकने कमी असणाऱ्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या मालिकेत हिचा क्रमांक आठवा.

अशी संख्या मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो, २^२९ − १ ला २३३ ने. इटलीच्या पिएत्रो काताल्दी यांनी १६०३ मध्ये २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असे सांगितले. त्यांतला ३१ तेवढा खरा निघाला. मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीतही तो होता. सिद्धता मात्र लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली.

या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत आणि साध्या रीतीने त्या सगळ्यांनी भागून पाहावे लागेल. ऑयलर यांनी आधी विभाजक कसा दिसेल याचा विचार केला. समजा, प या मूळ संख्येने हिला निःशेष भाग जातो. मग २^३१ ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्याने त्याहून लहान घाताला ही बाकी येत नाही. फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकीही १ असते, म्हणून प − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून ६२ नेही. शिवाय २^३२ हा पूर्ण वर्ग असून त्याची बाकी २ येते, आणि हे घडण्यासाठी प ही ८ च्या पटीहून एकने कमी किंवा जास्त असावी लागते. दोन्ही अटी जुळवल्या की प ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ इतकीच शक्य राहते. अशा फक्त ३७२ संख्या तपासायच्या उरतात (खुद्द ६३ मूळ नाही, ती वगळून). एकानेही भाग जात नाही. हाताने आकडेमोड करण्याच्या काळातली ही अतिशय देखणी सिद्धता आहे.

हिला २^३० ने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. पुढे अशा कितीतरी सापडल्या. घातांक ३१ हाही २^५ − १, म्हणजे स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे. अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, ही, आणि २^१२७ − १.

संगणकात ३२ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच. १९७० च्या सुरुवातीपासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी इथेच संपते. पण त्याचा मूळपणाशी संबंध नाही: १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ ही ७ × ३१ × १५१ आहे, आणि ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. मूळपणाचा खरा उपयोग यादृच्छिक संख्या निर्माण करताना होतो. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये शिफारस केलेल्या पद्धतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणून २^३१ − १ ने भागतात आणि बाकी पुढची संख्या म्हणून घेतात. १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या त्यात नेमकी एकदा येते, आणि मगच चक्र पुन्हा सुरू होते.