बुट्रिंट

अल्बेनियाच्या दक्षिण टोकावरील प्राचीन नगराचे अवशेष. सारांदा बंदरापासून सुमारे २० किमी. दक्षिणेस, समोर ग्रीसचे कॉर्फू बेट. १९९२ पासून जागतिक वारसास्थळ.

इटालियन पुरातत्त्वज्ञ लुइजी मारिया उगोलिनी यांनी १९२८ पासून येथे उत्खनन केले. अल्बेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा याच्या राजवटीत (१९४४–८५) हा सीमाभाग होता. कॉर्फूकडे पोहून पळणाऱ्यांवर पहारा असे आणि मोजके परदेशी पर्यटक देखरेखीखालीच येत. सारांद्याहून येणारा रस्ता १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांच्या भेटीनिमित्त झाला. पाहुण्याला अवशेषांपेक्षा लगतच्या सरोवरात पाणबुड्यांचा तळ करण्यात रस होता, असे होजाने पुढे लिहिले. या बंदिस्तपणामुळे किनाऱ्यावर हॉटेले उभी राहिली नाहीत, हा त्याचा अनपेक्षित फायदा.

खरी पडझड राजवट गेल्यावर झाली. १९९७ मध्ये झटपट दामदुप्पट देणाऱ्या योजना बुडाल्या, जमावांनी शस्त्रागारे फोडली आणि येथील संग्रहालयही लुटले गेले. युनेस्कोने त्याच वर्षी बुट्रिंट धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले. २००० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००५ मध्ये नाव यादीतून निघाले. जवळच्या क्सामिल गावातील बेकायदा बांधकामे मात्र दीर्घकाळ डोकेदुखी ठरली.

आजचा मोठा शत्रू पाणी. जमीन खचल्याने भूजल वर आले असून पावसाळी महिन्यांत नाट्यगृहाचा तळ पाण्याखाली जातो. सहाव्या शतकातील बाप्तिस्मागृहाची मोज़ेक फरशी याच ओलीमुळे वाळूखाली झाकलेली असते. उघडी राहिली तर ओल सुकताना क्षार वर येऊन खडे सुटतात, शेवाळही धरते. ती क्वचितच, थोड्या दिवसांसाठी उघडतात. बहुतेकांना फक्त खांबांची दोन वर्तुळे दिसतात.

नाट्यगृहाच्या वाटेवरील भिंतीवर गुलामांना मुक्त केल्याचे ग्रीक लेख कोरले आहेत. तिरप्या उन्हात ते अधिक स्पष्ट वाचता येतात. तटबंदीतील सिंहद्वाराशी वाकावे लागते: बैलाचे डोके फाडणाऱ्या सिंहाची जुनी शिळा आडवी बसवून दार मुद्दाम बुटके केले, म्हणजे शत्रूला एकदम घुसता येऊ नये. तेथून चढून टेकडीवरच्या किल्ल्यातील संग्रहालयात जाता येते. सगळे पाहायला दोन-तीन तास हवेत. कॉर्फूहून वेगवान बोट साधारण अर्ध्या तासात सारांद्याला येते. बोटीचे गट दुपारच्या सुमारास गर्दी करतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. दलदलीमुळे उन्हाळ्यात डास असतात. अंगभर कपडे घालावेत.