नाका, नाकाबंदी आणि १९५०चा करार

ठाण्यात नाकाबंदी म्हटलं की तीन हात नाका आठवतो. रात्रीचे बॅरिकेड, शिट्टी मारणारे हवालदार आणि डिकीत हेल्मेट चाचपणारे दुचाकीवाले. हाच शब्द नेपाळीतही आहे, पण तिथे तो उच्चारला की पाठोपाठ दिल्लीचं नाव येतं. मला हे २०१५च्या दसऱ्याच्या सुमारास कळलं. आमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, गावी जाणार होता, गोरखपूरच्या गाडीचं तिकीटही काढलेलं. मग घरून फोन आला: सिलिंडर नाही, चुलीवर रांधतोय, पुढच्या बसचा भरवसा नाही. त्याने तिकीट रद्द केलं. "आपका इंडिया ने नाका बंद किया, साब," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

गंमत म्हणजे त्याच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्व 'नेपाळ' होतं आणि व्हिसाच्या रकान्यात सेक्रेटरींनी आडवी रेघ मारली होती. ती रेघ मारता येते ३१ जुलै १९५०च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारामुळे. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, फिरायची, व्यापार करायची, मालमत्ता घ्यायची मुभा आहे. इतकं सढळ कलम असूनही काठमांडूत हा करार कायम सलत आला आहे.

त्याचं मूळ शोधायला कंपनी सरकारच्या काळात जावं लागतं. १८१४ ते १८१६च्या युद्धात नेपाळचे गोरखे कंपनीकडून हरले आणि सुगौलीच्या तहात कुमाऊँ-गढवाल गेलं, काली नदी ही पश्चिमेची हद्द ठरली. त्याच तहात एक अट होती: ब्रिटिशांच्या संमतीशिवाय नेपाळने कुठल्याही युरोपीय किंवा अमेरिकी माणसाला नोकरीवर ठेवायचं नाही. हरलेल्या गोरख्यांनाच इंग्रजांनी पलटणीत घेतलं. १९४७मध्ये दहा गोरखा रेजिमेंटची वाटणी झाली तेव्हा सहा आपल्याकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. पलटणींबरोबर उत्तरेकडे पाहण्याची साहेबाची नजरही आपल्याकडे आली, असं माझं मत.

१९५०च्या करारासोबत पत्रांची देवघेव झाली होती. दुसऱ्याच्या सुरक्षेला बाधक ठरतील अशा परकीयांना कामावर ठेवायचं नाही, असं त्या पत्रांत होतं. शब्द दोन्ही बाजूंना लागू, पण सुगौलीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ही पत्रं १९५९पर्यंत गुप्त राहिली. सहीचाही सल आहेच. नेपाळकडून खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणा, तर भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह. पंतप्रधानाच्या समोर राजदूत बसवणं ही चूक होती की इशारा, यावर तिथे अजून वाद घालतात.

शाई वाळते न वाळते तोच नोव्हेंबरात नेपाळचे नामधारी राजे त्रिभुवन शिकारीचा बहाणा करून कुटुंबासह भारतीय दूतावासात शिरले. खरी सत्ता हाती असलेल्या राणा घराण्याने मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्रला, गादीवर बसवलं. दिल्लीने त्रिभुवनना विमानाने आणवलं, तडजोड घडवली आणि फेब्रुवारी १९५१मध्ये ते परतले. जुलैत ज्या मोहन शमशेर राणाशी करार केला, त्याच्याच विरोधकाला हिवाळ्यात आसरा! लोकशाहीची कळकळ होती, नाही असं नाही. पण तिबेटात चिनी फौजा शिरल्या होत्या आणि नेहरूंना आपली सीमा हिमालयाच्या माथ्यावर दिसत होती. भूतानशी १९४९मध्ये केलेल्या करारात तर परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचं कलम होतं. ते बदलायला २००७ उजाडलं.

पुढे नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफा घेतल्या, ते दिल्लीला खटकलं. मार्च १९८९मध्ये व्यापार आणि पारगमनाचे (भारतातून माल नेण्या-आणण्याचे) करार संपले, तेव्हा दिल्लीने दोन सोडून बाकीचे पारगमन नाके बंद केले. रॉकेलसाठी रांगा लागल्या, सरपणासाठी झाडं तुटली. १९९०मध्ये तिथलं सरकार बदलल्यावरच गाडी रुळावर आली.

२०१५ची कथा जास्त गुंतागुंतीची. सप्टेंबरात नवं संविधान आलं, तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांना ते अन्यायाचं वाटलं आणि ते रक्सौल-वीरगंज नाक्यावर बसले. दिल्ली म्हणे, आंदोलन तुमच्याच लोकांचं. काठमांडू म्हणे, ट्रक तुमच्याच बाजूला अडलेत. एप्रिलच्या भूकंपात आपली विमानं मदत घेऊन सर्वांत आधी पोहोचली होती, ते पुण्य पाच महिन्यांत धुऊन निघालं. फेब्रुवारी २०१६मध्ये नाका सुटला आणि मार्चमध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी बीजिंगला जाऊन पारगमन करारावर सही केली. चीनचा रस्ता लांबचा, बर्फाचा, महागडा; तरी सही केलीच. आपण २०१९मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज तेलवाहिनी सुरू केली. पुढच्याच वर्षी भारताने लिपुलेख खिंडीकडे बांधलेल्या रस्त्याच्या वादातून नेपाळने नवा नकाशा काढला, आणि त्या वादाची गाठ पुन्हा सुगौलीतल्या काली नदीपाशी: तिचा उगम नेमका कुठला?

१९५०चा करार तपासायला दोन्ही देशांनी मान्यवरांचा गट नेमला होता. त्यांचा अहवाल २०१८मध्ये तयार झाला. तो स्वीकारायला दिल्लीला पुढची कित्येक वर्षं वेळच मिळाला नाही.