स्केल वाढवलं की काही प्रोग्रॅम धूसर का होतात? विंडोजच्या एका सेटिंगची पार्श्वभूमी

विंडोजमधल्या प्रत्येक स्केलचा, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दिसावं हे ठरवणाऱ्या टक्केवारीचा, हिशेब ९६ या आकड्यापासून सुरू होतो. १९८४ च्या मॅकिंटॉशने पडद्यावरचा इंच ७२ पिक्सेलचा धरला होता, कारण छपाईतला पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. विंडोजने तोच इंच ९६ चा केला: पडदा कागदापेक्षा लांब असतो, तेव्हा अक्षर एक तृतीयांशाने मोठं हवं. आज डिस्प्ले सेटिंग्जमधले १०० टक्के म्हणजे ९६, १२५ म्हणजे १२० आणि १५० म्हणजे १४४. पडद्याच्या खऱ्या घनतेशी या आकड्याचं काही नातं नाही. फुल एचडी रिझोल्यूशन २४ इंची मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल देतं, १५.६ इंची लॅपटॉपवर १४१. म्हणजे १०० टक्क्यांवर लॅपटॉपवरचं अक्षर मॉनिटरवरच्या अक्षराच्या दोन तृतीयांशच भरतं.

देवनागरीला हे जास्त झोंबतं. ९ पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांवर १२ पिक्सेल उंचीत बसवायचं, आणि तेवढ्यातच वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकारही. १२५ टक्के केलं की १५ पिक्सेल मिळतात आणि जोडाक्षरं स्पष्ट दिसू लागतात. इंग्रजीला जे स्केल पुरतं, ते मराठी वाचणाऱ्याला बहुधा पुरत नाही.

जाड्या नळीच्या मॉनिटरवर अक्षरं मोठी करायची सरळ वाट म्हणजे रिझोल्यूशन उतरवणं. १०२४×७६८ चं ८००×६०० केलं की काम झालं, वर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखलं जातं तो वेग) ६० वरून ८५ हर्ट्झवर नेता यायचा आणि लुकलुकणंही थांबायचं. सपाट पडद्यांचे पिक्सेल मात्र ठरलेले असतात. १९२० चं १२८० केलं, तर एक पिक्सेल दीड पिक्सेलवर पसरतो, आणि क्लिअरटाइपने (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या विंडोजच्या तंत्राने) लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांवर बेतलेल्या कडा रंगीत दिसू लागतात. तरीही जुनी सवय टिकून आहे. कुणी ‘अक्षरं बारीक दिसतात’ म्हटलं की आजही आधी रिझोल्यूशनलाच हात घातला जातो. ते ‘रेकमेंडेड’वरच ठेवावं आणि वाढवायचं ते स्केल.

मग स्केलमध्ये गडबड कुठे होते? त्याचं मूळ २००७ च्या विंडोज विस्टामध्ये आहे. त्याआधीही १२० ची सोय होती, ‘लार्ज फॉन्ट्स’ या नावाने. पण बहुतेक प्रोग्रॅमांनी बटणं, चौकटी, रकाने पिक्सेलमध्ये ठोकून बसवलेले. अक्षर वाढायचं, चौकट तेवढीच राहायची. मजकूर कापला जायचा, ‘ओके’चं बटण विंडोच्या बाहेर जायचं. विस्टाने ठरवलं की ज्या प्रोग्रॅमने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमची माहिती विंडोजला देणाऱ्या जोडपत्रात) ‘मला डीपीआय, म्हणजे इंचातले पिक्सेल, समजतो’ असं जाहीर केलेलं नाही, त्याला पडदा ९६ चाच आहे असं भासवायचं, त्याला तसं चित्र काढू द्यायचं आणि मग ते चित्र ताणून मोठं करायचं. काही कापलं जात नाही, पण सगळंच पुसट होतं.

यावर तेव्हापासून वाद आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं म्हणणं, आमचं काम चांगलं असूनही बदनाम होतं. दुसरी बाजू म्हणते, न दिसणाऱ्या बटणापेक्षा धूसर बटण बरं. दुसरी बाजू जास्त पटते. वापरणाऱ्याला काम उरकायचं असतं. चूक झाली ती वेगळीच: हे ताणणं चालू आहे, याची खूण पडद्यावर कुठेच ठेवली नाही. त्यामुळे लोक केबल बदलत बसले, ड्रायव्हर पुन्हा टाकत बसले, चष्म्याचा नंबर तपासून आले. शिवाय विस्टा आणि विंडोज सेव्हनमध्ये ताणणं मुळात १२० च्या पुढेच सुरू व्हायचं, १२५ टक्क्यांना जुनीच पद्धत. म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये १२५ ला मजकूर कापला जाई आणि १५० ला धूसर होई.

२०१३ च्या विंडोज ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल आलं आणि गुंता वाढला. लॅपटॉप १५० वर, बाहेरचा मॉनिटर १०० वर. विंडो इकडून तिकडे ओढली की जुना प्रोग्रॅम पुसट. मुख्य मॉनिटर बदलल्यावर साइन आउट करून परत आल्यास बऱ्याचदा फरक पडतो.

२०१७ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत सुटका हाती आली. प्रोग्रॅमच्या .exe फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तळाशी ओव्हरराइडवर खूण करून आधी ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडून पाहावं. यात अक्षरं नव्याने रेखली जातात, चित्रं ताणलेलीच राहतात. फरक नाही पडला तर ‘ॲप्लिकेशन’: सगळं स्वच्छ, पण अक्षरं बारीक राहण्याची किंवा मजकूर कापला जाण्याची शक्यता. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

त्याच २०१७ च्या आवृत्तीने एक चांगली सोय मात्र काढून घेतली. टायटल बार, मेनू, आयकॉन यांची अक्षरं वेगवेगळी वाढवता येत असत. तो पर्याय गेला. वर्षभर ओरड झाल्यावर २०१८ अखेरीस ‘मेक टेक्स्ट बिगर’ नावाची एकच पट्टी आली, १०० ते २२५ टक्के. विंडोज ११ मध्ये ती ॲक्सेसिबिलिटीत ‘टेक्स्ट साइझ’ खाली आहे. १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर पहिला हात हिलाच लावावा. तिथे स्केल १५० केलं, तर उंचीला ५१२ पिक्सेलांएवढीच जागा उरते आणि मोठ्या डायलॉगची खालची बटणं टास्कबारमागे जातात.