खोली रंगवण्याआधी

नवं कपाट घरात आलं की खोलीत कित्येक दिवस एक वास रेंगाळतो. 'नव्याचा वास' म्हणून बरेच जण तो कौतुकाने हुंगतात. मला मात्र तो आला की आधी खिडकी उघडावीशी वाटते, कारण तो वास म्हणजे कपाटातून सुटणारी वायुरूप रसायनं असतात. त्यात बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे कपाटांसाठीचे बोर्ड बनवताना लाकडाचे पापुद्रे, भुसा किंवा तंतू गोंद लावून दाबतात. त्यासाठी वापरला जाणारा एक स्वस्त गोंद युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून तयार होतो. हवेतल्या दमटपणाने तो गोंद हळूहळू फुटत राहतो आणि फॉर्मल्डिहाइड मोकळं होतं. म्हणूनच कोंदट, उकाड्याच्या दिवसांत हा वायू जास्त सुटतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं हे त्याचे नेहमीचे त्रास. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घरातल्या हवेत दर घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सजावटीच्या हौसेतून घरात विष येण्याची ही पहिली वेळ नाही. १७७५ मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक टवटवीत हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवर असे आर्सेनिकयुक्त हिरवे कागद झळकत होते, मुलांच्या खोल्यांतसुद्धा. रंग देखणा होता, म्हणून तो भिंतीवर काय करतो हे बराच काळ कुणी विचारलं नाही. घर सजवताना आजही आपण हा प्रश्न विचारत नाही, आणि तोच पहिला प्रश्न असायला हवा असं मला मनापासून वाटतं. भिंत, जमीन, छत, कपाट यांतलं काहीही नुसतं 'दिसत' नसतं. ते दिवसरात्र खोलीतला उजेड, ऊब, ओल आणि हवा यांच्याशी देवघेव करत असतं.

म्हणून फर्निचरच्या बाबतीत माझं पहिलं मत जुन्याच्या बाजूने. जुन्या कपाटातून जे सुटायचं ते बरंचसं सुटून गेलेलं असतं. शिवाय कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. असं एक किलो लाकूड म्हणजे झाडाने हवेतून शोषलेला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड. लाकूड जळलं किंवा कुजलं की तो पुन्हा हवेत जातो. बिजागऱ्या बदलून, घासूनपुसून तेच कपाट आणखी वीस वर्षं वापरलं, तर तेवढा कार्बन घरातच राहतो. फक्त जुना रंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. नवंच घ्यायचं असेल तर भरीव लाकूड, वेत, बांबू किंवा लोखंड बरं. बोर्डच लागणार असेल तर कमी उत्सर्जनाच्या ई-० किंवा ई-१ दर्जाचा मागा आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या. वायू सर्वांत जास्त त्या कडांतून सुटतो आणि पाठीमागची, तळाची बाजू हटकून उघडी राहते. आणल्यावर काही आठवडे कपाटाची दारं आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय.

आता भिंती. चुन्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण इतकं सुंदर रसायनशास्त्र भिंतीवर क्वचितच पाहायला मिळतं. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातलं की ती फुगते, तापते, फसफसते आणि विरते. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. भट्टीत जाळलेल्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही, त्यामुळे चुना पूर्णपणे निर्दोष आहे असं म्हणता येणार नाही. पण सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश लागतात, हा फरक लहान नाही.

चुन्याची सफेदी ओली असताना पाणचट दिसते आणि वाळता वाळता उजळत जाते. तिच्यातून पाण्याची वाफ आरपार जाऊ शकते. तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. याउलट प्लास्टिक इमल्शनचा थर वाफेला अडवतो. भिंतीत ओल असेल तर ती त्या थराखाली साचते आणि रंगाला फुगे येतात. अर्थात गळका नळ किंवा फुटलेली गच्ची कोणताही चुना दुरुस्त करत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. चुना लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच, डोळ्यात गेला तर तो भाजतो. काही काळ कपड्यांनाही लागतो. तेलरंगावर तो धरत नाही. एवढं सोसायची तयारी असेल तर त्या भिंतीवरचा मऊ, पसरलेला उजेड दुसऱ्या कशातून मिळत नाही.

उजेडाचं गणित तर आणखी मजेचं. खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर आपटतो, थोडा शोषला जातो, उरलेला परत फिरतो, पुन्हा दुसऱ्या भिंतीवर आपटतो. समजा प्रत्येक टप्प्यावर निम्मा प्रकाश परत फिरला. सगळ्या टप्प्यांची बेरीज केली तर मूळ प्रकाशाच्या दुप्पट होते. ८० टक्के परत फिरला तर तीच बेरीज पाचपट होते. खऱ्या खोलीत सामानसुमान आणि खुद्द खिडकी प्रकाश गिळतात, त्यामुळे इतका फायदा हाती लागत नाही. तरी छत आणि खिडकीलगतच्या भिंती पांढऱ्या ठेवल्या तर दिवा लावायची वेळ पुढे ढकलली जाते, हे नक्की. गडद रंग आवडत असेल तर तो उशा, पडदे, एखादी खुर्ची यांवर खुलू द्या. दिवे एलईडीच असावेत. जुना ६० वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा तेवढा एलईडी साधारण ९ वॉटमध्ये देतो. संध्याकाळच्या खोलीसाठी २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश निवडा, निळसर पांढरा प्रकाश झोपेच्या आड येतो.

ऊन मात्र काचेच्या बाहेरच अडवायला हवं. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. पडदा तापतो, अवरक्त म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण फेकतो, आणि काच त्यांना बाहेर जाऊ देत नाही. पूर्व-पश्चिम खिडक्यांवर ऊन तिरकं, आकाशात खाली असलेल्या सूर्याकडून येतं, तिथे नुसता छज्जा पुरत नाही. उभी जाळी, बांबूच्या काड्यांचा पडदा किंवा चढवलेला वेल जास्त कामाचा.

वेलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कुंडीतली रोपं घरातली हवा शुद्ध करतात, ही समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगांतून पसरली. ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांची छाननी केली. नेहमीच्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील, असं त्यांचं गणित निघालं. रोपं जरूर ठेवा, त्यांच्याकडे पाहून बरं वाटतं म्हणून ठेवा. हवेचं काम समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांना करू द्या.

आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक दिवस त्या खोलीला द्या. सामान बाजूला सारा, हातात खडू घ्या आणि दर तासाला जमिनीवर पडलेल्या उन्हाची कड आखून बाजूला वेळ लिहा. संध्याकाळपर्यंत जमिनीवर खोलीचा नकाशा तयार होतो. सकाळच्या पट्ट्यात वाचायची खुर्ची. दुपारच्या पट्ट्यासमोरची खिडकी जाळीसाठी. आणि बोर्डाचं कपाट जिथे खडूची एकही रेघ नाही तिथे, कारण तापलं की त्यातून वायू जास्त सुटतो.