चर्चचा गाभा आणि जलरंग: थोडी पार्श्वभूमी

वसईच्या किल्ल्यात चर्चचं आतलं चित्र करायला बसलं की कागदावर निम्मं आभाळच येतं. बहुतेक चर्चना छप्परच उरलेलं नाही. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा साऱ्या ख्रिस्ती धर्मसंघांनी इथे चर्च उभारली. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ती ओस पडत गेली. त्यांच्या घंटा देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं चर्च तेवढं डागडुजी होऊन नांदतं आहे.

सजलेला जुना गाभा बघायचा तर खाली गोव्यात उतरावं लागतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचं काम १५९४ला सुरू झालं, १६०५ला ते पवित्र केलं गेलं. शेजारच्या से कॅथेड्रलची मुख्य वेदी संत कॅथरिनची आहे. तिच्याच सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१०ला, पोर्तुगीजांनी गोवा जिंकलं होतं. लाकडी कोरीवकामावर सोन्याचा वर्ख, भोवती चुन्याच्या पांढऱ्या भिंती. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवत. त्यांतून ऊन गाळून, दुधाळ होऊन येतं. माझ्या मते खरा विषय वेदी नव्हे, हा उजेडच.

आणि तो पारदर्शक जलरंगाला मानवतो. इथे पांढरा रंग वापरायचा नसतो, पांढरा म्हणजे कोरा कागद. वर्खाची चमक हवी तर तेवढी जागा आधीच राखायची, फिका पिवळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायचा आणि बाजूच्या खाचा गडद तपकिरीने दाबायच्या. सोनं त्या खाचांमुळे दिसतं.

हे माध्यम इंग्रजांबरोबर आलं. १८५७ला मुंबईत सुरू झालेल्या, पुढे जे. जे. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलाशाळेने ते मराठी हातांत रुजवलं. त्यातले चित्रकार सा. ल. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२चा. हातातल्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडलेली त्यांच्या चित्रातली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. वेदीवरच्या मेणबत्त्या रंगवू पाहणाऱ्याने ती आधी बघावी.

पावसाळ्यात मात्र या भानगडीत पडू नये. दमट हवेत पहिला वॉश वाळतच नाही, त्यावर दुसरा चढवला की खालचा उठतो आणि रंग मळतो. मग काही जण ज्योतीवर पोस्टर रंगाचा पांढरा ठिपका टेकवून मोकळे होतात. चालतं, पण खडूसारखा दिसतो तो.